चवीपुरतें मीठ : मराठी पाकपुस्तकांचा एक विचार

वाङ्मयविचारांत 'रस' हा शब्द आपण इतक्या सहजपणें वापरतों, कीं तो मूळचा कोणत्या घरचा, हें विचारण्याची आठवण कोणास होत नाहीं. भरतमुनींना मात्र ती होती. 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायांत रसनिष्पत्ति समजावून सांगतांना त्यांनीं दृष्टान्त घेतला तो स्वयंपाकाचा. नाना प्रकारचीं व्यंजनें, वनस्पति व द्रव्यें यांच्या संयोगानें अन्नाला जशी चव येते, आणि प्रसन्न चित्तानें जेवणारा मनुष्य ती जशी चाखतो, तसेंच नाट्याच्या बाबतींत घडतें, असें त्यांचें म्हणणें. म्हणजे आमचें सारें काव्यशास्त्र ज्या शब्दावर उभें आहे, तो शब्द चुलीजवळून उसना आणलेला आहे. शेजारणीचें भांडें परत करतांना तें रिकामें देऊं नये, त्यांत चिमूटभर साखर तरी घालून द्यावी, अशी आपल्याकडे रीत आहे. वाङ्मयटीकेनें हें भांडें अद्याप परतच केलेलें नाहीं. कादंबरीवर लिहून झालें, नाटकावर लिहून झालें, पत्रांवर आणि रोजनिश्यांवरही लिहून झालें. परंतु मराठी घरांत जें पुस्तक पुनःपुन्हां उघडलें जातें, ज्याच्या पानांवर हळदीचीं बोटें उमटतात, आणि जें वाचून माणसें तत्काळ उठून कांहीं करूं लागतात, त्या पाकपुस्तकाकडे टीकाकाराची दृष्टि क्वचितच वळली आहे.

यावर कोणता आक्षेप येईल तें उघड आहे. डि क्विन्सी या इंग्रज निबंधकारानें १८४८ सालीं पोप कवीवरील लेखांत वाङ्मयाचे दोन भाग पाडले : एक ज्ञान देणारें, दुसरें सामर्थ्य देणारें. दुसऱ्याची थोरवी पटविण्यासाठीं त्यानें तराजूच्या एका पारड्यांत मिल्टनचें महाकाव्य घातलें आणि दुसऱ्यांत पाकपुस्तक. महाकाव्यापासून नवी माहिती कांहींच मिळत नाहीं, पाकपुस्तकाच्या प्रत्येक परिच्छेदांत ती मिळते. म्हणून काय पाकपुस्तकाला महाकाव्याच्या वरचें आसन द्यावयाचें? इंग्रजी वाङ्मय शिकलेल्या माणसाला हा भेद पाठ असतो, आणि या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असें आम्ही प्राध्यापक विद्यार्थ्यांकडून वदवूनही घेतों. तें उत्तर बरोबरच आहे. पाकपुस्तक हें महाकाव्य नव्हे, आणि तसा दावा करण्याचा माझा विचार नाहीं. परंतु माहिती देणें एवढेंच त्या पुस्तकाचें काम असतें, तर ज्यांतील मापें गेलीं, भांडीं गेलीं, चूलही गेली, अशीं जुनीं पाकपुस्तकें केव्हांच रद्दींत निघालीं असतीं. तशीं तीं निघत नाहींत. त्यांतील एकही पदार्थ करावयाचा नसला तरी वाचणारा तीं वाचतो, कारण त्यांतून त्याला एक घर दिसतें, एक काळ दिसतो, आणि घरांत वावरणारी कोणी एक स्त्री दिसते. कधीं कधीं तर ती मुद्दाम दिसूं दिलेली नाहीं, हेंही दिसतें. ज्या लेखनांतून एवढें हातीं लागतें, त्याची परीक्षा लेखन म्हणून व्हावयास हवी. ती तीन अंगांनीं करतां येईल : त्याची भाषा, त्याचा वाचक, आणि त्याचें मौन.

प्रथम भाषा. इंग्रजी पाकपुस्तक सरळ आज्ञा करतें : घे, काप, ढवळ. मराठी पाकपुस्तकाला परंपरेनें मानवला तो विध्यर्थ. रवा भाजावा, दूध घालावें, झांकण ठेवून वाफ आणावी. हीं 'वा-वी-वें'चीं रूपें अशींच ओळीनें आपल्याला आणखी एका ठिकाणीं भेटतात, तीं व्रतवैकल्यांच्या पोथ्यांत : चौरंग मांडावा, कलश ठेवावा, अक्षता वाहाव्या. त्यांत हुकूम नाहीं आणि विनंतीही नाहीं. अशी रीत आहे, एवढेंच त्यांत सांगितलेलें असतें. या रूपामुळें मराठी पाककृतीला एक शांत, निःशंक प्रौढी येते. पण त्यांत एक गोमही आहे. 'रवा भाजावा' या वाक्यांत रवा आहे, भाजणें आहे. भाजणारी मात्र नाहीं. पंगतींत बसलेले लोक श्रीखंडाची वाहवा करतात, आणि चक्का फडक्यावर घासून घासून जिचा हात भरून आला, ती आंत असते. व्याकरणानें येथें घराचेंच अनुकरण केलें आहे.

क्रियापदांची समृद्धि हा या भाषेचा दुसरा विशेष. एका बारीक करण्याच्या क्रियेसाठीं मराठी स्वयंपाकघरानें किती शब्द राखले आहेत पाहा. धान्य दळतात, डाळ भरडतात, पोहे कांडतात, मसाला कुटतात, चटणी वाटतात, लसूण ठेचतात आणि औषधी मात्रा खलतात. यांतील जवळजवळ प्रत्येक क्रियापदामागें एक निराळें साधन उभें आहे : जातें, उखळ, खलबत्ता, पाटा, खल. इतकेंच नव्हे, तर प्रत्येकांत हाताची निराळी हालचाल आहे आणि तिच्यापासून निघणारें निराळें पोत आहे. वाटलेली चटणी आणि कुटलेली चटणी यांत भेद आहे, तो जिभेला कळतो, आणि शब्द त्या भेदाची खूण जपून ठेवतो. विजेच्या यंत्रानें हीं सारीं कामें एकाच भांड्यांत आणलीं तेव्हांपासून हीं क्रियापदेंही एका वाक्प्रचारांत येऊन पडलीं : 'मिक्सरमधून काढावें.' यंत्राविषयीं माझी तक्रार नाहीं. ज्या बाईनें पाट्यापुढें वाकून आयुष्य काढलें, तिच्यापुढें जाऊन पाट्याचें माहात्म्य गाणें हा उद्धटपणा होईल. मात्र साधन गेलें म्हणजे त्याच्याबरोबर भाषेचा केवढा भाग जातो, याची नोंद ठेवणें हें टीकाकाराचें काम आहे.

परंतु या भाषेचें खरें वैभव दिसतें तें काळ मोजण्याच्या तिच्या पद्धतींत. मोहरी तडतडेपर्यंत, कांदा गुलाबी होईपर्यंत, मसाल्याला तेल सुटेपर्यंत, मिश्रण भांड्याच्या कडा सोडूं लागेपर्यंत : येथें काळ मिनिटांनीं मोजलेला नाहीं, घटनांनीं मोजलेला आहे. आणि हें माप मिनिटांहून अधिक विश्वासाचें आहे, कारण मिनिटें विस्तवाच्या आंचेवर, भांड्याच्या जाडीवर आणि जिन्नसाच्या प्रमाणावर अवलंबून राहतात. मोहरी मात्र तेल पुरेसें तापल्याखेरीज कोणाच्याही घरीं तडतडत नाहीं. फोडणींतला क्रम असाच. आधीं मोहरी, मग हिंग, शेवटीं हळद. मोहरीला तेल कडकडीत लागतें. त्याच तेलांत हळद आधीं पडली तर ती करपून कडू होते. मसाल्यांतील सुगंधी द्रव्यें पाण्यापेक्षां तेलांत अधिक सहज उतरतात, म्हणून तर फोडणी द्यावयाची. पुस्तक हीं कारणें बहुधा सांगत नाहीं. तें क्रम सांगतें, आणि कारण त्या क्रमाच्या पोटांत सुरक्षित राहतें.

साखरेच्या पाकाचें उदाहरण याहून बोलकें आहे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही परिभाषा कोणा विद्यापीठानें केलेली नाहीं. दोन बोटांत पाक धरून बोटें दूर केलीं असतां किती तारा निघतात, किंवा थंड पाण्यांत थेंब टाकला असतां त्याची गोळी वळते कीं नाहीं, हीच येथें कसोटी. उष्णतामापक लावून पाहिलें, तर मऊ गोळी वळण्याची अवस्था सुमारें ११२ ते ११६ अंश सेंटिग्रेडला येते. पाकांतलें पाणी आटत जातें तसा त्याचा उकळण्याचा अंश चढत जातो. म्हणून उष्णतामापक जें सांगतो तें वस्तुतः पाकांत पाणी किती उरलें याचेंच मोजमाप असतें. बोटें तेंच मोजीत होतीं. डोळ्यांनीं व बोटांनीं केलेल्या सूक्ष्म निरीक्षणाला एक अचूक, लहानसें नांव देणें, हें काम आपण सामान्यतः कवीकडे सोंपवितों. 'गोळीबंद' हा शब्द ज्या कोणा अज्ञात बाईनें किंवा आचाऱ्यानें प्रथम उच्चारला, त्याचें वा तिचें नांव कोणत्याही वाङ्मयेतिहासांत नाहीं.

आतां वाचक. पुस्तक कोणासाठीं लिहिलें आहे, हें पुष्कळदां त्याच्या नांवावरूनच कळतें. मराठींत छापलेल्या पाकपुस्तकांच्या आरंभीं रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'चा उल्लेख केला जातो. तें १८७५ च्या सुमाराचें. लिहिणारा पुरुष, नांव संस्कृत, आणि त्या नांवांत 'शास्त्र' हा शब्द. जी विद्या घरोघर बायका पिढ्यान्‌पिढ्या चालवीत होत्या, ती छापखान्याच्या उंबऱ्यावर येतांच तिला शास्त्राची शाल पांघरावी लागली. त्याखेरीज तिला आंत घेतलें गेलें नसतें. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें पुस्तक निघालें, त्याचें नांव 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया'. पस्तीस वर्षांत शास्त्र जाऊन मित्र आला आणि लेखणी स्त्रीच्या हातीं आली. या नांवांतील 'अथवा' मला अर्थपूर्ण वाटतो. 'मित्र' हा शब्द सुशिक्षित तरुणीला जवळ बोलावतो, आणि 'एक हजार' हा आंकडा पुस्तकाचे पैसे देणाऱ्या तिच्या यजमानाची खात्री पटवितो. पुढें १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' प्रसिद्ध झालें. येथें शास्त्रही नाहीं आणि संख्याही नाहीं. केवळ एक गोड विशेषण आहे, तेंही स्त्रीलिंगी.

तीन नांवांतला हा प्रवास एका नजरेंत पाहिला म्हणजे मध्यमवर्गीय मराठी स्त्रीच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचा एक धागा हातीं येतो. पहिल्या पुस्तकांत तिची विद्या तिच्यावांचून बोलते. दुसऱ्यांत ती दुसऱ्या स्त्रीशीं बोलते. तिसऱ्यांत ती आपल्या चवीच्या नांवानें बोलते.

'रुचिरा'चा विचार थोडा अधिक केला पाहिजे, कारण लाखाच्या वर प्रति खपलेल्या या पुस्तकानें पाककृतिलेखनाची रीतच बदलली. त्यापूर्वींची अडचण होती ती मापांची. शेर म्हणावा तर कोणता? मुंबईचा जुना शेर सुमारें २८ तोळ्यांचा आणि पक्का शेर ८० तोळ्यांचा, एवढें त्यांत अंतर. धान्याचीं चिपटीं, मापटीं, पायल्या यांचाही गांवोगांव निराळा हिशेब. पुढें १९५६ सालीं वजनमापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅमचीं वजनें दुकानांत येऊं लागलीं, आणि शेर-छटाकांत लिहिलेलीं पुस्तकें थोड्याच वर्षांत नव्या मुलींना परकीं झालीं. कमलाबाईंनीं या भांडणांत कोणाचाही पक्ष घेतला नाहीं. त्यांनीं वाटी आणि चमचा हीं मापें धरलीं. वरवर पाहतां ही साधी घरगुती युक्ति वाटते. पण तिच्या मुळाशीं एक स्वच्छ गणिती विचार आहे. पदार्थ साधतो तो जिन्नसांच्या परस्परप्रमाणावर. एक वाटी रव्याला अमुक वाट्या पाणी, हें ठरलें म्हणजे वाटी लहान असो वा मोठी, प्रमाण ढळत नाहीं. वजनांचे काटे बदलले, तरी प्रत्येक घरांत एक वाटी असणारच होती. या युक्तीलाही मर्यादा आहेच : वाटी आणि चमचा एकाच वाक्यांत आले, कीं माझ्या घरच्या वाटीचें तुमच्या घरच्या चमच्याशीं नातें जुळेलच असें नाहीं, आणि सोड्यासारख्या जिन्नसांत तो फरक महाग पडतो. तरी एकूण पाहतां ही मराठी गृहजीवनांतील एक मोठी सुधारणा होती.

इंग्रजींत याचीं तुलनास्थळें आहेत. तेथें जिन्नसांचीं प्रमाणें कृतीपासून वेगळीं काढून नीट देण्याचें श्रेय १८४५ सालच्या एलिझा ॲक्टन यांच्या ग्रंथाला देतात. पण कीर्ति मिळाली ती १८६१ सालच्या मिसेस बीटन यांच्या ग्रंथाला. त्या वेळीं बीटनबाईंचें वय अवघें पंचवीस होतें, आणि त्यांच्या पुष्कळशा कृति पूर्वीच्या ग्रंथांतून उचललेल्या आहेत, हें आतां अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे. तो ग्रंथ संपादकाच्या टेबलावर जुळविलेला होता. कमलाबाईंचें पुस्तक निघालें तें त्यांनीं पन्नाशी ओलांडल्यावर, हातून हजारों वेळां झालेल्या कामाच्या अनुभवांतून. त्याच्या वाक्यांत जो आत्मविश्वास जाणवतो, तो येथून आलेला आहे.

आणि त्यांची वाचक कोण होती? एकत्र कुटुंबांतून निघून शहरांत दोन खोल्यांचा संसार मांडलेली, कदाचित् स्वतः नोकरी करणारी मुलगी. तिला विचारावयाला सासू जवळ नव्हती. असती तरी विचारणें सोपें नव्हतें. 'एवढेंही येत नाहीं का?' हें वाक्य मराठी स्वयंपाकघरांत किती मुलींनीं ऐकलें असेल, त्याची गणती कोणी करावी? छापील पुस्तक हें असें एकच ठिकाण होतें, कीं जेथें दहा वेळां विचारलें तरी टोमणा मिळत नव्हता. स्वयंपाकाची विद्या देणें वा न देणें ही घरांतल्या वडीलधाऱ्या स्त्रीच्या हातची सत्ता होती. ती सत्ता या पुस्तकानें आवाज न करतां काढून घेतली. डि क्विन्सीचें 'सामर्थ्य देणारें वाङ्मय' याहून वेगळें काय असतें?

येथवर स्तुति झाली. आतां मौनाकडे वळलें पाहिजे, कारण पाकपुस्तकाची खरी परीक्षा त्यानें काय वगळलें, यावरून होते.

त्याचें पहिलें मौन इतिहासाविषयींचें आहे. आपलीं पाकपुस्तकें 'पारंपरिक' हा शब्द फार उदारपणें वाटतात. उपवासाच्या पदार्थांचें प्रकरण उघडा. साबुदाण्याची खिचडी हा त्यांतला मुकुटमणि. तिच्यांत साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा व मिरची पडते. या चारांचें मूळ पाहूं गेल्यास आपण चकित होतों. आपल्याकडील साबुदाणा ज्या कंदाच्या पिठाचा करतात तो कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरची हीं चारही अमेरिका खंडांतलीं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो समुद्रमार्ग खुला होण्यापूर्वीं यांतलें एकही पीक आपल्या मातीनें पाहिलेलें नव्हतें. जो गहूं आणि जे तांदूळ आपले पूर्वज हजारों वर्षें खात आले, ते उपवासाला चालत नाहींत. आणि जे पाहुणे काल आले, ते देवघरापर्यंत पोंचले. याचा अर्थ परंपरा खोटी असा नव्हे. परंपरा ही सतत नवें आंत घेत असते, आणि घेतल्यावर तें जुनेंच होतें असें सांगत असते, एवढाच त्याचा अर्थ. हें रहस्य पाकपुस्तकानें एका ओळीनें जरी सांगितलें असतें, तरी 'आमच्यांत असेंच करतात' या वाक्याची धार थोडी बोथट झाली असती.

मागें जावयाचें तर आणखी मागें जातां येतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावरील 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकांतला संस्कृत ग्रंथ. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मांड्यांशीं नातें सांगणारे मंडक आहेत, वडे आहेत, इडलीची पूर्वज म्हणतां येईल अशी इड्डरिका आहे. आणि त्याच पानांवर तऱ्हेतऱ्हेचें मांस आहे, कासव आहे, शेतांतले उंदीरही आहेत. मिरची अर्थातच नाहीं. तिखटपणासाठीं मिरीं आणि आलें. आज परंपरेच्या नांवानें दुसऱ्याच्या ताटाकडे भुंवया चढवून पाहणाऱ्यांनीं राजवाड्याचें हें ताट एकदां पाहावें.

दुसरें मौन याहून गंभीर आहे. 'महाराष्ट्रीय पदार्थ' असें शीर्षक घालून आपण जी यादी करतों, ती कोणाच्या घरची? पुष्कळ काळ ती थोड्या जातींच्या, बहुधा पुण्यामुंबईकडच्या घरांची होती. ज्या पुस्तकांनीं आपला समाज मोकळेपणानें सांगितला, त्यांच्याविषयीं ही तक्रार करतां येत नाहीं. सारस्वत महिला समाजाची 'रसचंद्रिका' आपण कोणाच्या चुलीवरचें लिहितों तें नांवानिशीं सांगते, आणि तेंच तिचें बळ आहे. तक्रार आहे ती एका चुलीला साऱ्या प्रांताचें नांव देणाऱ्यांविषयीं. या मौनाला उत्तर मिळावयास २०१५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं शाहू पाटोळे यांचें 'अन्न हे अपूर्णब्रह्म' प्रसिद्ध झालें. जेवणापूर्वीं घरोघर म्हटल्या जाणाऱ्या श्लोकांतील एका प्रसिद्ध शब्दाला एक 'अ' जोडून लेखकानें आपलें सारें म्हणणें मुखपृष्ठावरच सांगितलें. मराठवाड्यांतील महार व मांग या समाजांच्या अन्नाचें तें वर्णन आहे. मोठ्या जनावराचें मांस त्यांत आहे. तें वाळवून ठेवलेल्या चान्या आहेत. आणि तूप, सुका मेवा, वेलदोडे हीं ज्यांच्या घरीं आलींच नाहींत, त्यांनीं मीठ, तिखट आणि मूठभर पिठावर चव कशी उभी केली, हेंही त्यांत आहे.

हें पुस्तक हातीं घेतलें असतां पूर्वींच्या सर्व पाकपुस्तकांकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलते. 'दोन वाट्या साजूक तूप घ्यावें' या वाक्यांतला 'घ्यावें' हा किती मोठा अधिकार आहे, तें प्रथमच कळतें. घ्यावें म्हणजे घरांत आहे, हें गृहीत. विध्यर्थामागें दडलेली ती निःशंक प्रौढी भरल्या फडताळाची होती. पाटोळे यांच्या ग्रंथांत जिन्नसांची यादी आंखूड आहे आणि आठवणींची लांब; कारण येथें पदार्थ सांगावयाचा म्हणजे तो कां खावा लागला, हें सांगावें लागतें. पाककृति आणि आत्मचरित्र यांतली भिंत या पुस्तकांत पडली आहे. पुढें २०२४ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतरही झालें. मराठी पाकवाङ्मयाच्या इतिहासांत 'सूपशास्त्रा'पासून येथपर्यंतचें अंतर मोजूं गेल्यास, तें वर्षांच्या मापानें मोजतां येण्यासारखें नाहीं.

तिसरें मौन श्रमाविषयींचें. पाककृतीच्या शेवटीं 'हें चार माणसांना पुरतें' असें लिहिलेलें असतें. त्या चारांत करणारी आहे कीं ती मागाहून उरलेलें खाणारी पांचवी, हें लिहिलेलें नसतें. पाणी कोणीं भरलें, धूर कोणाच्या डोळ्यांत गेला, सोवळ्यांत कोणी किती वेळ उपाशी राहिलें, याचा पत्ता पाकपुस्तक देत नाहीं. त्यासाठीं लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' उघडावीं लागतात. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाखालीं सारें घर कसें दबून गेलें होतें, हें त्यांत हंसत हंसत सांगितलें आहे, आणि तें हंसणें वाचतांना आंत कोठें तरी टोंचतें. माझें तर म्हणणें असें आहे, कीं 'गृहिणी-मित्र' आणि 'स्मृतिचित्रें' हीं पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं. एकांत पदार्थ आहे आणि करणारी नाहीं. दुसऱ्यांत करणारी आहे. दोहोंचें मिळून एक स्वयंपाकघर पुरें होतें.

आज कोणी विचारील, कीं एवढा खटाटोप कशाला? आतां पाककृति कोण वाचतो? मोबाइलच्या पडद्यावर बाई प्रत्यक्ष करून दाखविते, आणि पाहणारी तसें करते. हें साधन चांगलें आहे, यांत संशय नाहीं. जी कृति चार ओळींत कळत नाहीं, ती हात पाहून चटकन् कळते. शिवाय ज्या चुलींना छापखान्याचें दार कधीं उघडलें नव्हतें, त्याही आतां आपलें अन्न जगाला दाखवूं शकतात. छापील पुस्तकाच्या मौनांपैकीं दुसरें मौन या पडद्यानें पुष्कळ अंशीं मोडलें आहे, आणि मोडलें तें बरें झालें. पण एक नुकसान होतें, तें सांगितलें पाहिजे. जें दिसतें त्याला नांव देण्याची गरज उरत नाहीं. 'आतां हें असें झालें, कीं हें यांत टाका' एवढ्यावर काम भागतें. भात मोकळा, आसट कीं गिच्च. तूप कणीदार कीं नाहीं. पीठ सैल भिजवावें कीं घट्ट मळून तिंबावें. हे शब्द पुस्तकाला लागत होते, कारण पुस्तकाला हात नव्हते. हात नसल्यामुळें त्याला भाषा जपावी लागली. ज्याला हात मिळाले, त्याला भाषेची तेवढी निकड राहिली नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं जुनीं, शिवण उसवलेलीं पाकपुस्तकें असतील, त्यांनीं तीं टाकूं नयेत. आणि ज्या आजीबाईंना आपल्या गांवचे चार शब्द ठाऊक असतील, त्यांच्याकडून ते लिहवून घ्यावे. अशा पुस्तकांचा व शब्दांचा नीट संग्रह हें विद्यापीठांच्या मराठी विभागांना शोभेल असें काम आहे.

शेवटीं एका वाक्यांशाविषयीं लिहावयाचें राहिलें. ज्या पुस्तकांत सर्व जिन्नस वाटीनें आणि चमच्यानें मोजून दिलेले असतात, त्यांतही यादीच्या अखेरीस एक नोंद असते : 'चवीपुरतें मीठ.' ज्याच्यावांचून सारा पदार्थ वायां जावयाचा, त्याच जिन्नसाचें माप पुस्तक देत नाहीं. हा निष्काळजीपणा नव्हे. पीठ, पाणी, खाणाऱ्यांच्या संवयी, मिठाचा स्वतःचा खारटपणा हें सारें घरोघर निराळें असतें, आणि त्याचा निवाडा दुरून करतां येत नाहीं. म्हणून येथवर हात धरून आणणारी लेखिका या ठिकाणीं हात सोडते आणि वाचणारीला सांगते, कीं आतां तूं चाखून पाहा. कोणत्याही चांगल्या ग्रंथानें आपल्या वाचकाला याहून अधिक मान दिल्याचें मला ठाऊक नाहीं. भरतमुनींनीं प्रसन्न चित्तानें चाखणाऱ्या ज्या रसिकाची कल्पना केली, तो त्यांच्या मनांत पंगतींत बसलेला होता. पाकपुस्तकानें त्याला उठवून चुलीजवळ आणलें, त्याच्या हातीं पळी दिली, आणि चवीचा शेवटचा निर्णय त्याच्यावर सोंपविला. काव्यशास्त्रानें उसनें नेलेल्या भांड्यांत घालून द्यावयास एवढें मीठ पुरेसें आहे.